पुढची सीट

आमचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका पाहिली, गुण मोजले, मंगळ आहे का तेही विचारून झालं. नकाशा मात्र कोणी पाहिला नाही. सासुरवाडीचं मूळ घर निघालं दापोलीकडे, आणि मला लहानपणापासून गाडी लागते. पुण्याहून तिकडे जायला ताम्हिणी आहे, वरंध आहे, वेळ आणि पेट्रोल उतू जात असेल तर महाबळेश्वरवरून आंबेनळी आहे. घाट न उतरता कोकणात पोचायची सोय सह्याद्रीने ठेवलेलीच नाही. त्यातला वरंध सासऱ्यांचा लाडका, कारण वाघजाईच्या देवळापाशी गरम भजी मिळतात. पावसाळ्यात दरडींच्या भीतीने हा घाट बरेचदा बंद ठेवतात. तेवढे महिने बांधकाम खात्याविषयी माझं मत फार चांगलं असतं.

गाडी लागणाऱ्याने पुढे बसावं हे शेंबडं पोरही सांगेल. पण पुढची सीट सासऱ्यांची. त्यांना गाडी लागत नाही, त्यांना रस्ता दाखवायचा असतो. भोर सोडलं की महाडपर्यंत सरळ एकच रस्ता आहे, तरी दाखवतात. मेव्हणा गाडी चालवतो, कारण गाडी त्याची, नवी, आणि ती तो दुसऱ्याच्या हातात देत नाही. मला मागची खिडकी मिळते. जावयाचा मान म्हणून तेवढाच.

माझ्या आजारावर औषध आहे. अ‍ॅव्होमिनची गोळी निघायच्या आधी अर्धा-पाऊण तास घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नसतो. आता यात 'निघायच्या आधी' हे कलम आमच्या घरात कसं पाळायचं? सहाला निघायचं ठरतं, म्हणून मी सव्वापाचला गोळी घेतो. सहाला सासूबाईंना आठवतं की देवाला फुलं राहिली. सातला पाहुण्यांसाठीची चिवड्याची पिशवी सापडत नाही. गोळीने झोप येते ती येतेच, आणि ती सगळी मी बुटांसकट सोफ्यावर काढतो. साडेआठला मला हलवून गाडीत घालतात. घाट सुरू होतो तेव्हा गाडीतला सर्वांत टक्क जागा माणूस मी असतो.

गोळीवर सासूबाईंचा तसाही विश्वास नाही. त्यांच्याकडे आवळासुपारी आहे, आलेपाक आहे, हुंगायला लिंबू आहे, आणि रामबाण म्हणजे पोटाशी वर्तमानपत्र. "जावईबापू, लाजू नका, शर्टाच्या आत सरकवा." वर्तमानपत्राने पोटातलं का थांबावं, याचं उत्तर मला विज्ञानात कुठे मिळालेलं नाही. पण सासूबाईंना नाही म्हणायचं धैर्यही विज्ञान देत नाही. मी त्या दिवसाचा अख्खा अंक पोटाशी लावून बसतो. अडचण एवढीच, की तो सासऱ्यांनी वाचलेला नसतो. कापूरहोळ फाट्याला वळलो की पुढून हात येतो, "पान तीन द्या जरा." मी बटण सोडून पान तीन काढून देतो. मग अग्रलेख. मग निधनवार्ता. शब्दकोडं नेमकं बेंबीपाशी असतं. ते घामाने भिजून हातात आलं की सासरे म्हणतात, "आडवे सात पुसलं गेलंय."

भोरच्या पुढे रस्ता नीरा देवघर धरणाच्या काठाकाठाने जातो. दृश्य अप्रतिम असतं असं ऐकून आहे. मी तेव्हा समोरच्या सीटच्या शिवणीवर नजर रोवून बसलेला असतो, आणि चुकतं ते तिथेच. डोळे सांगतात, शिवण जागची हललेली नाही. कानाच्या आतल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांमधलं पाणी सांगतं, अरे, आपण उजवीकडे, आता डावीकडे, पुन्हा उजवीकडे. मेंदू बिचारा दोन साक्षीदारांच्या मध्ये सापडतो. त्याचा राग पोटावर का, यावर ट्रीसमन नावाच्या संशोधकाने १९७७ साली एक तर्क मांडला. डोळे आणि कान यांची साक्ष जुळेनाशी होणं हे विष पोटात गेल्याचंही लक्षण असतं, म्हणून मेंदू खबरदारी म्हणून पोट रिकामं करायचा हुकूम सोडतो. म्हणजे माझा मेंदू माझा जीव वाचवायला धडपडत असतो, आणि त्याच क्षणी मेव्हणा आरशातून विचारतो, "दाजी, कांदाभजी की मिरची?"

वाघजाईपाशी गाडी थांबते. मी दाराबाहेर पडून कठड्याशी उकिडवा बसतो. थोड्या अंतरावर एक माकड माझ्याकडे पाहत असतं. माझ्याकडून खायला काही मिळणार नाही, उलट माझंच काही बाहेर येईल, हे ते ओळखतं आणि सरकून बसतं. माणसांना एवढी समज नाही. कुरकुरीत तळलेली भजी, त्यावर मीठ लावलेली मिरची, असं कागदात घेऊन ही माझ्या नाकापाशी येते. "एक खाऊन बघ, बरं वाटेल." मावससासूबाईंचं म्हणणं पोटात काही नकोच होतं. सासूबाईंचं म्हणणं रिकाम्या पोटीच जास्त लागते. दोघींचा वाद भज्यांवरून चालतो, आणि भजी संपली तरी वाद शिल्लक राहतो.

या त्रासाला मापही आहे. जेक गार्न नावाचे अमेरिकेचे सिनेटर १९८५ साली अवकाशयानातून गेले आणि वर त्यांची अशी काही अवस्था झाली, की नासातल्या मंडळींनी गमतीत अवकाशातल्या मळमळीचं एककच त्यांच्या नावावर केलं. एक गार्न म्हणजे परमावधी. माझ्या हिशेबाने खंबाटकी पाव गार्न, वरंध पाऊण. उरलेला पाव भज्यांच्या वासाचा. कशेडीला बोगदा झाल्याने पुढचं बरंचसं माफ होतं, त्याबद्दल मी कोकणवासीयांपेक्षाही कृतज्ञ आहे.

गेल्या खेपेला वाघजाईवरून निघताना हिने फर्मान काढलं, "आता गाडी हा चालवेल." गाडी चालवणाऱ्याला ती सहसा लागत नाही, कारण वळण येतंय हे त्याच्या हातांना आधीच ठाऊक असतं. मेव्हण्याने किल्ली अशी दिली की मी किडनीच मागितली असावी. मी स्टिअरिंगवर बसलो, आरसे लावले आणि उतार धरला. काय सांगू! दरी दिसली. झाडं दिसली. इतकी वर्षं या घाटाला एवढा हिरवा रंग आहे हे मला माहीत नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर मागचा मोबाइलवरचा आवाज बंद पडला. मग खिडकीची काच खाली गेली.

"दाजी," मेव्हणा बारीक आवाजात म्हणाला, "जरा हळू घेता का?"

"हळूच आहे," मी म्हणालो. "लांब बघ. मोबाइल ठेव. आलेपाक घे. गोळी घेतली होतीस का? अर्धा तास आधी घ्यायची असते."

"दाजी, मी पुढे येऊ का?"

सासरे काही ऐकू आलं नाही असं दाखवत समोर बोट करून म्हणाले, "आता डावीकडे." रस्ता डावीकडेच जात होता. सासूबाई एव्हाना लेकाच्या शर्टाचं बटण सोडत होत्या. त्यांनी पुढे हात केला, "अहो, पेपर द्या इकडे."

"देतो," सासरे पेन काढत म्हणाले, "उभे नऊ तेवढं होऊ दे."