शिस्तीचं गाव आणि नकाशातली वाट

उन्हाळा आला की इथल्या मराठी घरांत कोणाचे ना कोणाचे आईवडील मुक्कामाला येतात. लंडन झालं, विंडसर झालं की एखाद्या रविवारी त्यांना ‘इंग्लंडचं खेडं’ दाखवायचं, असा रिवाजच पडून गेलाय. बहुतेक जण बायबरीला नाहीतर कॅसल कूमला नेतात. मधाच्या रंगाची दगडी घरं, खिडकीखाली फुलं, ओढ्यात बदकं. भरपूर फोटो निघतात, आणि परतीच्या गाडीत ठरलेली चर्चा सुरू होते. काय शिस्त आहे हो लोकांना! कागदाचा कपटा नाही कुठे. आपल्याकडे कितीही निधी द्या, माणसंच तशी.

हे ‘माणसंच तशी’ मला पटत नाही. मी नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर म्हणायचं) शेतकरी घरातला. माझा चुलतभाऊ आजही तिथे कांदा आणि ऊस करतो. त्याच्या उसाच्या ट्रॅक्टरला शेतातून डांबरी रस्त्यापर्यंत यायला वाट नाही, आणि हे काही बेशिस्तीमुळे झालेलं नाही. त्याबद्दल पुढे सांगतोच.

आमच्या पाहुण्यांना मी बायबरीला नेत नाही. आमच्या रेडिंग शहराच्या उत्तरेला चिल्टर्नच्या टेकड्यांवर स्टोक रो नावाचं छोटं गाव आहे, तिथे नेतो. या गावात रस्त्याच्या कडेला एक विहीर आहे. तिच्यावर घुमट आहे, आणि घुमटाखाली रहाटावर सोनेरी रंगाचा हत्ती उभा आहे. ही विहीर बांधून दिली काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांनी. ती १८६४ साली राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी, २४ मे रोजी गावासाठी खुली झाली. खोली ३६८ फूट, रुंदी जेमतेम चार फूट, आणि सगळी हातांनी खोदलेली. सेंट पॉल कॅथेड्रल ३६५ फूट उंच आहे. ते उलटं करून आत सोडलं तरी तळाला तीन फूट उरतील, असं सांगितलं की पाहुणे कठड्यावरून वाकून बघतात.

या टेकड्या खडूच्या. पाऊस पडतो तो खाली निघून जातो. त्यामुळे विहिरीआधी इथले लोक डबक्यांतलं, खाणीच्या खड्ड्यांतलं पाणी वापरत आणि उन्हाळ्यात लांबून वाहून आणत. इथून जवळच इप्सडेनला वाढलेला एडवर्ड अँडरडन रीड हा माणूस हिंदुस्थानात कंपनीचा अधिकारी झाला. १८३१मध्ये त्याने आझमगढकडे एक विहीर खणायला मदत केली होती. त्याने काशीनरेशांना आपल्या गावाकडची गोष्ट सांगितली. घरातलं शेवटचं पाणी प्यायला म्हणून एका पोराला त्याच्या आईने झोडपलं होतं. ही गोष्ट राजाच्या लक्षात राहिली, आणि विहीर झाली, असं सांगतात.

अहिल्याबाईंच्या बारवा पाहिलेल्या माणसाला राजाने विहीर बांधून देणं नवं नाही. मला इथे दोन गोष्टी टोचतात. पहिली ही, की १८६०-६१ला, विहिरीच्या तीन-चार वर्षं आधी, रीड ज्या प्रांतात अधिकारी होता त्याच उत्तर-पश्चिम प्रांताच्या पश्चिम भागात मोठा दुष्काळ पडला होता. या दानाचं कौतुक करताना ती तारीख माझ्या मनातून जात नाही. दुसरी गोष्ट कामाची आहे. राजाने नुसती विहीर दिली नाही. शेजारी साडेचार एकरांवर चेरीची बाग लावून दिली, ईश्वरी बाग. तिच्या उत्पन्नातून विहिरीची डागडुजी व्हायची. राखणदाराला राहायला आठकोनी घर बांधलं, आणि पाणी गावाला फुकट. म्हणजे विहीर खणतानाच तिची निगा कोण राखणार आणि पैसा कुठून येणार, हे ठरवून टाकलं. गावात नळ आले, विहिरीचा वापर थांबला, तरी ती आज रंगरंगोटीसह उभी आहे, कारण विश्वस्त मंडळ आहे. गावकऱ्यांच्या अंगात शिस्त मुरलेली आहे म्हणून नव्हे.

विहिरीनंतर मी पाहुण्यांना चालायला नेतो, आणि खरी गंमत तिथे सुरू होते. गावाबाहेर पडलं की गव्हाचं शेत लागतं आणि त्याच्या मधोमध, पिकाच्या आरपार, माणूस जाईल एवढी पट्टी मोकळी. खांबावर पिवळा बाण. पाहुणे थबकतात. ‘अहो, हे कोणाचं तरी शेत आहे, ओरडतील.’ कोणी ओरडत नाही. शेत मालकाचं असतं, पण त्यावरून जाण्याचा हक्क जनतेचा. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून अशा वाटा सुमारे २ लाख २५ हजार किलोमीटर आहेत. शेतकऱ्याला नांगरायची मुभा आहे, पण पेरणीसाठी पहिल्यांदा माती हलवल्यापासून १४ दिवसांत वाट पुन्हा दिसेल आणि चालता येईल अशी करून द्यावी लागते. शेतातून जाणारी पायवाट किमान एक मीटर, बांधाच्या कडेने जाणारी दीड मीटर, आणि बांधाकडची तर नांगरायचीच नाही. हे सगळं १९९०च्या कायद्यात आहे.

यातही उपजत शिस्त वगैरे काही नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत याच देशाने गावांच्या सामाईक जमिनी कुंपणं घालून खाजगी केल्या. त्यासाठी संसदेने १६०४पासून पाच हजारांवर कायदे केले आणि इंग्लंडची सुमारे एक पंचमांश जमीन त्यांत गेली. गायरानं गेली, वाटा बंद झाल्या. पुढे औद्योगिक शहरांतल्या कामगारांना रविवारी मोकळ्या हवेत डोंगरावर जायचं, तर तिथे सरदारांच्या शिकारीचे राखणदार काठ्या घेऊन उभे. २४ एप्रिल १९३२ला मँचेस्टरकडची शेकडो तरुण पोरं ठरवून किंडर स्काउटच्या डोंगरावर घुसली. पाच जणांना तुरुंगवास झाला. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन तेव्हा वीस वर्षांचा होता. १९४९मध्ये कायदा झाला आणि प्रत्येक काउंटी काउन्सिलला, म्हणजे इथल्या जिल्हा परिषदेला, आपल्या हद्दीतल्या सार्वजनिक वाटांचा अधिकृत नकाशा करणं भाग पडलं. त्या नकाशावर वाट आली की ती आहे, वाद संपला. न्यायालयंही जुनंच तत्त्व धरून बसलीत. वाट एकदा जनतेची झाली की ती वापर थांबला म्हणून मरत नाही, कायदेशीर आदेशानेच बंद होते.

(योगायोग म्हणजे २४ एप्रिल हा आपला पंचायतराज दिन. ७३वी घटनादुरुस्ती १९९३ साली त्याच तारखेला अमलात आली.)

आता आमच्या चुलतभावाकडे येतो. गावनकाशावर त्याच्या शेताकडे जाणारी पाणंद, म्हणजे शेतांमधून जाणारी सार्वजनिक वाट, आहे. इंग्रजांच्या काळातल्या मोजणीतली, तुटक रेघांची. प्रत्यक्षात तिच्या दोन्ही बाजूंनी दरवर्षी नांगराचं एकेक तास सरकत गेलं आणि पाणंदीची पायवाट झाली, पायवाटेचा बांध झाला. आता त्या बांधावरही तुरी आहेत. सरकतं कोण? भावकीच. ऊस तोडणीला आला की दुसऱ्याच्या शेतातून ट्रॅक्टर काढायचा, त्यासाठी त्याच्या तोडणीची वाट बघायची, नाहीतर नुकसानभरपाई म्हणून पैसे मोजायचे. तोवर उसाचं वजन घटतं. यात कोणी रानटी नाही. प्रत्येक जण स्वतःपुरता शहाणाच आहे.

राज्यात सध्या शेतरस्त्यांवर बरंच बोललं जातंय, आणि ते चांगलंच आहे. २०२१मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली. २०२५मध्ये महसूल खात्याने निर्णय काढला की शेतरस्ता किमान तीन ते चार मीटरचा असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्यावर ‘इतर हक्कां’त व्हावी. ही नोंद मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, रस्त्यावर मुरूम टाकण्यापेक्षाही. पण फेसबुकवर त्याखालच्या प्रतिक्रिया वाचल्या की पुन्हा तेच. लोकांची मानसिकता बदलली पाहिजे, सामंजस्य हवं, परदेशात बघा कशी शिस्त. परदेशात राहणारा म्हणून सांगतो, परदेशात सामंजस्याची वाट कोणी बघत बसत नाही.

दुसरीकडे, इथल्या गावाला डोक्यावर घेण्यासारखं फार काही नाही हेही सांगायला हवं. पाहुण्यांना ज्या घरांचं वेड लागतं, त्यांत शेतकरी राहत नाहीत. लंडनला नोकरी करून निवृत्त झालेले किंवा रोज गाडीने ये-जा करणारे राहतात. देशातल्या कामकऱ्यांत शेतीवाले शंभरात दोनही नाहीत. शेतमजुराच्या पोराला त्याच्या आज्याच्या गावात घर घेणं कधीच आवाक्याबाहेर गेलं. २०१०नंतर काउन्सिलांचा निधी कापला गेला तशा कितीतरी खेड्यांतल्या बस बंद पडल्या. ज्याच्याकडे मोटार नाही तो म्हातारा अडकला. पॅरिश काउन्सिल ही इथली ग्रामपंचायत, पण तिच्या कित्येक जागांना उमेदवारच मिळत नाहीत, मग असलेले सदस्य कोणाला तरी गळ घालून बसवतात. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे गावात सरपंचपदाचा लिलाव झाला म्हणून २०२१मध्ये राज्य निवडणूक आयोगाला निवडणूक रद्द करावी लागली होती. इथे फुकट दिलं तरी कोणी घेत नाही. आपल्या गावांत भांडणं आहेत, कारण तिथे अजून जमिनीवर पोट आहे. इथलं गाव शांत आहे त्याचं एक कारण हे, की भांडावं असं तिथे फारसं उरलेलं नाही.

म्हणून ‘इंग्लंडसारखं करा’ असं मी म्हणणार नाही. माझ्या चुलतभावानेच मला एकदा फोनवर गप्प केलं होतं. ‘दादा, तिकडच्या शेतकऱ्याला ऐंशी-पंच्याऐंशी हेक्टर असतात म्हणतोस. त्यातली मीटरभर पट्टी गेली तर त्याचं काय जातं?’ खरंच आहे. महाराष्ट्रात शेतकऱ्याची सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर. शंभर मीटर लांबीच्या शेतातून चार मीटर रुंद रस्ता गेला की चार गुंठे गेले. दोन एकरवाल्याच्या ऐंशी गुंठ्यांतले चार! तो विरोध करणारच, आणि त्याला आडमुठा म्हणणं अन्याय आहे. जिथे नकाशावर पाणंद आहे तिथे ती मोकळी करा, फुकट, कारण ती कोणाच्या मालकीची नव्हतीच. जिथे नवी रुंदी हवी तिथे गुंठ्याचे पैसे मोजा. ही दोन प्रकरणं एकाच फायलीत घातली की खऱ्या अतिक्रमणवाल्यालाही गरीब शेतकऱ्याची ढाल मिळते.

इथून उचलण्यासारखी गोष्ट मला एकच दिसते. आपल्याकडे वाट अडली की ज्याची अडली त्याने अर्ज करायचा. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३खाली तहसीलदाराकडे बांधावरून वाट मागा, नाहीतर १९०६च्या मामलतदार न्यायालय कायद्याखाली अडथळा काढून मागा, आणि तोही अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. म्हणजे चुलत्याविरुद्ध पुतण्या, शेजाऱ्याविरुद्ध शेजारी. एकाच विहिरीवरून दोघांना पाणी घ्यायचंय, पोरीच्या लग्नाला एकमेकांकडे जायचंय. बहुतेक जण सहा महिने तोंड दाबून काढतात आणि मुदत संपते.

इथे वाट जनतेची, म्हणून ती अडली तर तक्रार कोणीही करू शकतो. मी रेडिंगहून रविवारी फिरायला आलेला परका माणूसही काउंटी काउन्सिलला लेखी कळवू शकतो की अमुक वाटेवर कुंपण आहे, ते काढा. वाट मोकळी ठेवणं हे काउन्सिलचं कायदेशीर कर्तव्य आहे. काउन्सिलकडे माणसं कमी आहेत, तक्रारी महिनोन्महिने पडून राहतात, हे खरं. ती कसर स्वयंसेवक भरून काढतात. स्टोक रोच्या वाटेवर मला एकदा सत्तरीचे एक गृहस्थ हातमोजे घालून, अंगाची आग करणारी नेटलची झुडपं छाटताना भेटले. गाव त्यांचं नव्हतंच, पंधरा मैलांवरून आले होते. शेताचा मालक त्यांना ओळखतही नव्हता, आणि त्यामुळेच त्यांच्याशी त्याचं वाकडं येण्याचं कारण नव्हतं.

आपल्याकडे सातबाऱ्यावर नोंद झाली, पाणंदीला क्रमांक मिळाला, तरी अर्जदार म्हणून पुतण्याचंच नाव लागणार असेल तर पुढच्या नांगरणीला तास पुन्हा सरकेल. अर्ज ग्रामपंचायतीने किंवा तलाठ्याने स्वतःहून करायचा, दरवर्षी खरिपाआधी पाणंद चालून बघायची आणि अडथळा दिसला की नोटीस त्यांच्या सहीने काढायची, अशी तरतूद आधी हवी. मुरूम त्यानंतर टाकला तरी चालेल.