चाचणीआधी मांजराचं स्टेरॉइड परस्पर बंद करू नका

लालबाग-परळच्या मांजरवाल्यांच्या व्हॉट्सॲपवर फिरतंय: 'स्वादुपिंडाची रक्तचाचणी करायचीय? आठवडाभर आधी प्रेडनिसोलोन थांबवा, नाहीतर रिपोर्ट खोटा येतो.' कृपया असं करू नका! प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी; बरेच दिवस ती चालू असली की शरीर स्वतःचं कॉर्टिसोल (नैसर्गिक स्टेरॉइड) कमी बनवतं. ती एकदम तोडली तर मांजर मलूल होतं, ताटलीकडे फिरकत नाही. मांजरांसाठीच्या खास लायपेज (स्वादुपिंडातलं चरबी पचवणारं पाचकद्रव्य) चाचणीत आकडा प्रयोगशाळेच्या मर्यादेपेक्षा जास्त आला, तर स्वादुपिंडाच्या दाहाचा संशय घेतात. तो आकडा गोळीवर ढकलून मोकळं होऊ नका. रक्तातली साखर मात्र स्टेरॉइडने खरोखर वाढते. आणि जुनाट दाहात काही मांजरांना डॉक्टर हीच गोळी देतातही. रक्त काढायला जाताना गोळ्यांची पट्टी सोबत न्या, शेवटची गोळी कधी दिली ते सांगा.