चार कोंबड्यांच्या तक्रारीवर आमचं उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. सोबतचे फोटोही मोठे करकरून पाहिले. बाकी वाचणाऱ्यांना कळावं म्हणून तुमची तक्रार आधी थोडक्यात लिहिते. मेच्या शेवटी तुम्ही आमच्याकडून पाच आठवड्यांची सहा ब्रह्मा (ही कोंबडीची एक मोठी जात) पिल्लं नेलीत. पाच माद्या आणि एक नर हवा होता, आणि आमच्या माणसाने 'पाच माद्याच आहेत, बिनधास्त न्या' असं सांगून दिली. आता ती पाच महिन्यांची झाली, तर त्यात चार कोंबडे निघाले. पहाटे चारपासून आरवतात, गंगापूर रोडवर तुमच्या बंगल्याशेजारची माणसं दारात येऊन बोलून जातात, अंडं अजून एकही नाही. फोन केलात तर उत्तर मिळालं, 'कोंबडा निघाला ना, मग कापून खा.'

आधी त्या फोनचं बोलते. तो माझ्या पुतण्याने उचलला होता. तुमच्या मुलीने ज्यांना नावं दिलीत, ज्यांना ती रोज हाताने दाणे घालते, त्यांच्याबद्दल असं बोलणं मला ऐकवलं नाही. मी तुमची आणि तिची माफी मागते. पुतण्या स्वतःही तुम्हाला फोन करणार आहे.

पाच माद्यांचा शब्द दिला, तीही चूक आमचीच. बारा वर्षं मी हे काम करतेय, पण पाच आठवड्यांच्या शुद्ध ब्रह्मात नर कुठला आणि मादी कुठली, हे मलाही खात्रीने सांगता येत नाही. अंदाज सांगता येतो. आम्ही अंदाज सांगायच्या जागी हमी देऊन बसलो. हिशोब केला तर डोळे मिटून सहा पिल्लं उचलली तरी त्यात चार किंवा जास्त नर यायची वेळ साधारण तीनदा उचलल्यावर एकदा येतेच. म्हणजे आमच्या निवडण्याचा तुम्हाला काहीएक उपयोग झाला नाही, आणि पैसे मात्र आम्ही निवडलेल्या माद्यांचे घेतले. तो फरक तुम्हाला परत मिळेल.

पण 'यांना साधं नर-मादी ओळखता येत नाही' असं तुम्ही लिहिलंय, त्याबद्दल थोडं सांगते. कारण हा प्रश्न आमच्या फाटकाशी रोज येतो आणि मोठ्या जातीच्या बाबतीत तो खरोखर अवघड आहे.

आपल्या जिल्ह्यात गावोगावी ब्रॉयलरचे, म्हणजे मांसासाठी झटपट वाढवायच्या कोंबड्यांचे, शेड आहेत. पस्तीस-चाळीस दिवसांत दोन किलोचा पक्षी तयार होतो, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे दीड-दोन महिन्यांत कोंबडीचं सगळं काही दिसायला लागतं, असं लोकांना वाटतं. ब्रह्मा तशी नाही. नाव ब्रह्मपुत्रेवरून पडलं असलं तरी ही जात अमेरिकेत घडली, 1840 च्या दशकात शांघायहून नेलेल्या थोराड कोंबड्यांपासून. हाड मोठं, पिसारा दाट, पायाच्या बोटांपर्यंत पिसं. कोंबडा पाच किलोच्या घरात जातो, पण भरायला वर्षाच्या वर वेळ घेतो. सगळंच सावकाश: पिसं सावकाश, तुरा सावकाश, अंडी सावकाश.

ऱ्होड आयलंड रेडसारख्या जातीत तुरा सरळ उभा, करवतीसारखा असतो. चौथ्या-पाचव्या आठवड्यात नराचा तुरा गुलाबी होऊन वर येतो आणि नजर बसलेल्या माणसाला तो कळतो. ब्रह्माचा तुरा बसका. मटाराचे दाणे तीन ओळींत चिकटवावेत तसा. पाच आठवड्यांचं पिल्लू हातात घेऊन चोचीच्या वर बघितलं तर फिक्या पिवळ्या कातडीवर तीन बारीक खरखरीत रेघा लागतात, बस्स. नराच्यात मधली रेघ जरा रुंद, जरा लालसर. हे 'जरा' म्हणजेच आमचा सगळा अंदाज. दुसरी खूण खांद्यावरची. मादीचे खांदे आणि पाठ लवकर भरतात, शेपटीही लवकर फुटते. नराच्या खांद्यावर कातडी दिसत राहते आणि शेपटीच्या जागी नुसता खुंट. पण ब्रह्मात माद्याही उशिराच भरतात, त्यामुळे उशिरा पिसं फुटणारी मादी नरात आणि लवकर भरलेला नर माद्यांत जातो. त्यातून तुमची पिल्लं पांढऱ्या अंगाची, मानेवर काळ्या पिसांची. या रंगात नर-मादी दोघंही सारखेच दिसतात. गडद ब्रह्मा असते तर छातीवरून तरी कळलं असतं. तिथे नराची छाती काळी होत जाते आणि मादीच्या पिसांवर बारीक नक्षी उतरते.

मोठ्या हॅचरीत एका दिवसाची पिल्लं वेगळी करतात, मग तुम्ही का नाही, असंही विचारलंत. ते दोन-तीन प्रकारे होतं. एक, गुदद्वार हलकेच दाबून आतला बारीक उंचवटा बघायचा. ही पद्धत जपानी संशोधकांनी गेल्या शतकात बसवली. त्याला शिकलेला हात लागतो, आणि कच्च्या हाताने पिल्लू मरतं. मी ते करत नाही आणि करणारही नाही. दुसरं, पंखाच्या पिसांच्या लांबीवरून किंवा पिल्लाच्या रंगावरून. पण त्यासाठी आई एका प्रकारची आणि बाप दुसऱ्या प्रकारचा असा ठरवून संकर करावा लागतो. ब्रह्मासारख्या शुद्ध जातीत आई-बाप सारखेच, तिथे ही खूण चालत नाही.

तुमच्या आत्याबाईंनी दोऱ्याला अंगठी बांधून पिल्लांवर धरली आणि तेव्हाच 'यात नर जास्त' म्हणाल्या होत्या, असं लिहिलंय. त्यांचं म्हणणं खरं निघालं, पण ते अंगठीमुळे नाही. टोकदार अंड्यातून नर येतो, मशीनचं तापमान वाढवलं की नर वाढतात, असंही आम्हाला पुष्कळ जण सांगतात. कोंबडीत नर की मादी हे अंडं घातलं जायच्या आधीच ठरलेलं असतं आणि ते आईकडून ठरतं. नंतर अंगठीने, आकाराने किंवा मशीनने त्यात बदल होत नाही.

आता तुमच्या फोटोंबद्दल, आणि हे नीट वाचा. पहिल्या तीन पक्ष्यांबद्दल शंकाच नाही. तुरा लालभडक, चोचीखाली लोंबणारी लाल कातडी, आणि शेपटीच्या आधी कमरेवरून खाली ओघळणारी अरुंद, टोकदार, चकचकीत पिसं. कोंबडेच आहेत. चौथा, ज्याला मुलीने 'भीम' म्हटलंय, तो मला कोंबडा वाटत नाही. अंगाने मोठा आहे, मान ताठ करून उभा आहे, पाय जाड आहेत, म्हणून तुम्ही त्याला कोंबड्यांत धरलंत. पण फोटोत त्याचा तुरा बारीक आणि फिकट आहे आणि कमरेवरची पिसं गोल टोकाची दिसतात. ती तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण मादी, असावी.

एक करा. संध्याकाळी पक्षी खुराड्यात दांड्यावर बसले की ते शांत असतात. तेव्हा भीमला दोन्ही हातांनी पंखांसकट उचला आणि मोबाईलच्या उजेडात शेपटीच्या आधीचं एक पीस बोटांत धरून बघा. टोक भाल्यासारखं निमुळतं आणि कडेला सुटं-सुटं असेल तर नर. टोक गोल, नखासारखं असेल तर मादी. पाच महिन्यांच्या पक्ष्यात ही खूण सगळ्यांत भरवशाची. आरवतो कोण हेही एकदा उजाडताना उभं राहून बघा, कारण तीन कोंबडे चारांचा आवाज सहज करतात.

अंड्यांचं म्हणाल तर अजून उशीर झालेला नाही. ब्रह्मा तलंग सातव्या महिन्याच्या आसपास अंड्यावर येते, कधी त्याहूनही उशिरा. म्हणजे डिसेंबर धरा, आणि तेव्हा दिवस लहान असल्याने आणखी थोडं पुढेही जाईल. पण तुम्ही लिहिलंय की अंडी लवकर यावीत म्हणून चौथ्या महिन्यापासून लेअर फीड (अंडी घालणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य) सुरू केलंय. ते कृपा करून आजच थांबवा. त्यात अंड्याच्या कवचासाठी कॅल्शियम खूप जास्त असतं. अंडं न घालणाऱ्या पक्ष्याला तो जास्तीचा चुना मूत्रपिंडावर पडतो, आणि नरांनाही तेच. पहिलं अंडं दिसेपर्यंत ग्रोअर फीड (वाढत्या पक्ष्यांचं खाद्य) द्या, शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. जिला गरज असेल ती खाईल. आणि पावसाने खुराड्यात ओल असेल तर खालचं तूस बदला. पायाच्या पिसांत चिखलाचे गोळे होतात, ते वाळून बोटं आवळतात. कोमट पाण्यात भिजवून सोडवा, ओढू नका.

आमच्याकडे या महिन्यापासून बदल केलाय. पाच आठवड्यांची शुद्ध ब्रह्मा पिल्लं आता 'न निवडलेली' म्हणूनच जातील, पावतीवर तसं लिहून आणि त्याच दराने. ज्यांना माद्याच हव्यात त्यांनी चौदाव्या आठवड्यापर्यंत थांबायचं. तेव्हा कमरेची पिसं फुटायला लागतात आणि मी स्वतः एकेक हातात घेऊन बघते. शंका असलेला पक्षी मागेच राहतो. दर जास्त पडतो, कारण तोवर त्यांनी आमचं खाद्य खाल्लेलं असतं.

तुमचे तिन्ही कोंबडे आम्ही परत घेऊ. मागितला तसा एक ठेवायचा असेल तर ठेवा, पण तीन तलंगांमागे तीन कोंबडे मात्र ठेवू नका, त्यांच्या पाठीची पिसं उपटली जातील. एका कोंबड्यामागे आठ-दहा माद्या लागतात. जेवढे कोंबडे परत येतील तेवढ्या तलंगा बदल्यात मिळतील, याच रंगाच्या आणि याच वयाच्या. त्या आणल्यावर दोन-तीन आठवडे वेगळ्या ठेवा, एकदम मिसळू नका. हे कोंबडे आमच्याकडे पैदाशीला राहतील, कापायला जाणार नाहीत. मुलीला हे नक्की सांगा, आणि तिला बघायला यायचं असेल तर कधीही या.

रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत मी गाडी पाठवते. मोठी डालगी आम्हीच आणू, तुम्ही खोकी शोधू नका. भीमला तेवढं घरीच ठेवा. पीस बघूनही शंका राहिली तर गाडीबरोबर मी येईन आणि तिथेच हातात घेऊन सांगेन.