बसतंय की!

इंजिन अठरा हजाराला मिळालं. हे आधीच सांगून टाकतो, कारण या सगळ्या भानगडीत ठरल्या भावात मिळालेली ती एकच वस्तू.

गाडी म्हणजे १९९१ची मारुती जिप्सी, ९७० सीसीवाली, चार गिअरची. पंचेचाळीस हॉर्सपॉवर, म्हणजे कागदावर, त्यातले किती घोडे आता हयात आहेत कुणास ठाऊक. कोल्हापुरातून पन्हाळ्याला निघालो की वाघबीळचा चढ लागला रे लागला की मागे एसटीचा हॉर्न सुरू. एकदा तर उसाच्या ट्रॅक्टरने ओव्हरटेक केलं, रिकाम्या का असेनात पण दोन ट्रॉल्यांसकट, आणि वर त्या ड्रायव्हरने जाता जाता हात केला. तो हात मला नंतर कितीतरी दिवस झोपेत दिसायचा.

तर मग डोक्यात आलं, इंजिन बदलायचं. यात माझं स्वतःचं डोकं फार नाही हां, १९९६ला कंपनीनेच जिप्सी किंग काढली तेव्हा तिच्यात आपल्याच एस्टीम कारचं १३०० सीसी इंजिन टाकलं होतं. कंपनीने केलेलं आपण केलं तर काय बिघडलं, असं मी बायकोला म्हटलं. ती म्हणाली, "मग किंगच का नाही घेत?" हा प्रश्न मला त्या वेळी अगदी अडाणीपणाचा वाटला.

मिस्त्रींना विचारलं. उद्यमनगरात त्यांचं गॅरेज आहे, वय साठीच्या पुढे, बोलणं कमी. त्यांनी बॉनेट उघडून आत बघितलं, तंबाखू मळली, बॉनेट लावलं आणि म्हणाले, "बसतंय की."

आता कोल्हापुरात राहणाऱ्याला 'बसतंय की'चा अर्थ सांगायला नको. त्यात बसतंय एवढंच असतं. कधी, कसं, कशावाचून आणि कितीत, यातलं काही त्यात येत नाही, आणि ते विचारणं म्हणजे मिस्त्रींचा अपमान. मी बजेट सांगितलं पंचवीस हजार. त्यांनी मान हलवली, ती हो म्हणून होती की माशी बसली होती ते मला अजून कळलेलं नाही. घरी बायकोने पोराची अर्धी उरलेली दोनशे पानी वही काढली, वर 'जिप्सी' लिहिलं, खाली रेघ मारली आणि वही फ्रिजवर ठेवली.

इंजिन कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून आणलं. कार्ब्युरेटरवालं मुद्दाम घेतलं, कारण एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरने पेट्रोल फवारणारं घेतलं की वायरिंग आलं, ईसीएम म्हणजे तो कॉम्प्युटर आला, टाकीत पंप आला, आणि आमच्या मिस्त्रींचा कॉम्प्युटरवर विश्वास नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, चेक केलं तर तीन सिलिंडर चांगले, चौथा जरा मागे. दुकानदार म्हणाला, "थंड है ना साब, गरम होने दो." पाचशेचा माल घेताना मी तासभर घासाघीस करतो पण इथे इंजिनसमोर उभा राहून मला एवढा आनंद झाला होता की मी मान डोलावली. पावती त्याने दिली, त्यावर लिहिलं होतं, 'जुना माल, १ नग'.

त्या एका नगाने पुढे वाट लावली. माझा मेव्हणा वकील, त्याने आधीच बजावलं होतं की १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाच, आरसी बुकात इंजिन नंबर असतो, परवानगीशिवाय काही बदललंस तर इन्शुरन्सवाले पण हात वर करतील. म्हणून आरटीओत अर्ज केला. खिडकीवरच्या माणसाने पावती बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "जुना माल म्हणजे काय, इंजिन का कपाट?" परत कुर्ला. जाऊन येऊन एसटी, वडापाव, इंजिन नंबर घातलेलं बिल, आणि ज्या गाडीतून ते काढलं त्या गाडीचे कागद. वहीत पहिलं पान भरलं आणि अजून गाडीचा एक बोल्ट सुटलेला नव्हता.

मग खरी गंमत. एस्टीमला इंजिन आडवं असतं, जिप्सीला उभं. हे वाक्य वाचायला एका सेकंदाचं आहे, मला ते समजायला चार महिने लागले. एस्टीमचं सम्प, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, जिप्सीत चालत नाही, खाली पुढचा एक्सल येतो, म्हणून ते कापून, पोट मागे सरकवून परत वेल्ड करा, आणि आतली ऑइल ओढायची नळी पण त्याप्रमाणे वाकवा. इंजिन धरणारी साइडची माउंटिंगं चेसिसवर बसत नाहीत, नवीन ब्रॅकेट करा. आणि मुख्य म्हणजे या इंजिनची भोकं आमच्या जुन्या गिअरबॉक्सच्या भोकांशी जुळत नाहीत. किंगचा पाच गिअरचा बॉक्स मिळाला असता तर प्रश्नच नव्हता, पण तो ज्याच्याकडे आहे तो घरातलं सोनं विकेल, बॉक्स विकणार नाही.

"प्लेट करू," मिस्त्री म्हणाले.

उद्यमनगरात काय होत नाही! फाउंड्री आहेत, लेथ आहेत, तुम्ही पुठ्ठ्यावर भोकं काढून नेली की टर्नर काही न विचारता ती लोखंडात काढून देतो. वीस एमएमची प्लेट केली, एका बाजूने एस्टीमची भोकं, दुसऱ्या बाजूने जिप्सीची. दिसायला इतकी देखणी की मी ती घरी आणून आईला दाखवली. आई म्हणाली, "थालीपीठ लावायला बरी आहे."

पण प्लेट वीस एमएम म्हणजे इंजिन वीस एमएम पुढे. गिअरबॉक्सचा शाफ्ट तेवढाच आखूड पडला, त्याच्या टोकाला लांब बुश करा. क्लच प्लेटचे दाते गिअरबॉक्सचे पाहिजेत आणि घेर फ्लायव्हीलचा, अशी प्लेट कुठल्याच डबीत मिळत नाही, ती जुळवून घ्या. इंजिन पुढे आल्यावर पंखा रेडिएटरला घासायला लागला, पंखा काढा, मारुती ८००चा इलेक्ट्रिक पंखा लावा, त्याला रिले, त्याला स्विच, त्याला वायर. फायदा एकच झाला, मागे डिस्ट्रिब्यूटरची, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या डब्याची, टोपी पत्र्याला लागत होती ती सुटली. एवढी एक गोष्ट फुकटात झाली म्हणून मी त्या दिवशी गॅरेजात सगळ्यांना मिसळ खायला घातली. वहीत 'मिसळ – डिस्ट्रिब्यूटर' अशी नोंद आहे.

या काळात मी रोज ऑफिसातून सुटलो की गॅरेजात. माझं काम टॉर्च धरायचं. टॉर्च धरणाऱ्या माणसाला जगात कोणी विचारत नाही, तो कधीच बरोबर जागी धरत नाही, आणि मिस्त्रींचं डोकं फिरलं की सगळा राग टॉर्चवर. दोनदा आम्ही चेन कप्पीवर इंजिन वर घेतलं, अलगद सोडलं, अर्धा इंच राहिला, परत वर. अर्धा इंच म्हणजे किती असतो हे ज्याने खाली झोपून, डोळ्यात माती घेऊन, शाफ्ट भोकात जातोय का बघितलंय त्यालाच माहीत. मी दरवेळी विचारायचो, "बसंल काय?" आणि खालून आवाज यायचा, "बसतंय की!"

बसलं. एका गुरुवारी रात्री साडेनऊला. स्टार्टर मारला, इंजिनने दोन वेळा खोकल्यासारखं केलं आणि सायलेन्सरमधून असा बार काढला की शेजारच्या लेथवाल्याने हातातलं टाकून दिलं. प्लगच्या वायर उलटसुलट. मग १-३-४-२ अशा क्रमाने लावल्या आणि साहेब, ते चाललं. चौथा सिलिंडर गरम झाल्यावर पण मागेच होता ती गोष्ट वेगळी, पण चाललं. इन्स्पेक्शन झालं, आरसीवर नवीन नंबर चढला, तोपर्यंत वही चौऱ्याहत्तर हजार तीनशेवर पोचली होती. बायको काही बोलली नाही. तिने फक्त पेनाने खाली दोन रेघा मारल्या, हिशोब बंद केल्यासारख्या.

पुढच्या रविवारी पन्हाळा. बायको शेजारी, आई मागे, डब्यात धपाटे. गाडी काय पळायला लागली! केर्ली मागे गेलं कळलंसुद्धा नाही, वाघबीळचा चढ तिसऱ्यात घेतला, समोर एक एसटी होती, मी हॉर्न मारला, तिच्या शेजारून वर गेलो आणि जाता जाता हात केला. इतक्या वर्षांचा हात होता तो.

दुसऱ्या वळणावर टेंपरेचरचा काटा लालच्याही पलीकडे. बाजूला घेतली, बॉनेटमधून वाफ, खाली हिरवं पाणी. तीच एसटी खालून आली, आणि त्या ड्रायव्हरने काय केलं ते सांगत नाही.

मिस्त्रींना फोन लावला.

"रेडिएटर जुनाच हाय न्हवं?" ते म्हणाले. "नऊशे सत्तरचा तो. तेराशेला कसा पुरंल? किंगचा टाकाय पायजे."

"आधी का नाही सांगितलं?"

"तुमी बसंल काय विचारलासा, पुरंल काय कुठं विचारलासा?"

फोन ठेवला. मागून आई म्हणाली, थांबलोच आहोत तर धपाटे काढा. बायकोने पर्स उघडली, मला वाटलं डबा काढतेय. तिने वही काढली, पेनाचं टोपण दातात धरलं आणि विचारलं, "रेडिएटरला र वर मात्रा ना?"