नागपूर मुंबईच्या जवळ नाही

भारतीय संघ जाहीर झाला की आमच्या भावंडांच्या ग्रुपवर तासाभरात भांडण लागतं. या वेळी सुरुवात दादरच्या मामेभावाने केली. "निवड गुणवत्तेवर होते. विदर्भाने आता रडणं सोडावं." त्यावर नागपूरच्या धरमपेठेतला आतेभाऊ: "तीन रणजी जिंकल्या बे आम्ही. आणखी किती गुणवत्ता पाहिजे तुम्हाले?"

२०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५. तीन खऱ्याच. पण दादरकराकडे उत्तर तयार असतं. पहिल्या दोन्ही वेळी कोच कोण? चंद्रकांत पंडित. फळीत कोण होता? वसीम जाफर. दोघेही आमचे, मुंबईचे. तिसऱ्या फायनलच्या दुसऱ्या डावात शतक कोणाचं? करुण नायरचं, आणि तो गेला ना भारतीय संघातून इंग्लंडला! "तो कर्नाटकचा आहे," असं आतेभावाने लिहिलं आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण स्वतःच्याच बाजूवर गोल मारला.

मी इथे अमेरिकेत, न्यू हेवनमध्ये, पानं गोळा करत होतो. अकरा पिशव्या झाल्या होत्या, पाठ मोडली होती, आणि 'गुणवत्ता' हा शब्द डोक्यातून जाईना. गुणवत्ता असते, मान्य. पण ती बघायला कोणीतरी गाडीत बसून यावं लागतं की नाही? विदर्भ १९५७-५८पासून रणजी खेळतो. आमचा पहिला कसोटीपटू उमेश यादव, २०११मध्ये. मधली पन्नासेक वर्षं नागपूर, अमरावती, अकोल्यात कोणाला बॉल टाकताच येत नव्हता, असं समजायचं का?

माझ्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर ग्रोव्ह स्ट्रीटचं कब्रस्तान आहे. तिथे वॉल्टर कॅम्प पुरला आहे. इथलं फुटबॉल, म्हणजे चेंडू काखेत मारून पळायचं ते, त्याचे निम्मे नियम याच माणसाचे. पोटापाण्यासाठी तो गावातल्या घड्याळांच्या कंपनीत अधिकारी होता, फुटबॉल संध्याकाळचं. १८८९मध्ये देशातल्या सर्वोत्तम अकरा कॉलेज खेळाडूंची पहिली यादी कॅस्पर व्हिटनीच्या साप्ताहिकात छापून आली. यादी नेमकी कोणाची, कॅम्पची की व्हिटनीची, यावर लोक अजून वाद घालतात. नाव मात्र दणदणीत: ऑल-अमेरिका. आणि अकराच्या अकरा हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनचे, म्हणजे इथल्या पूर्वेकडच्याच तीन विद्यापीठांचे. मला आपल्याकडच्या 'अखिल भारतीय' संस्था आठवल्या, ज्यांची कार्यकारिणी एकाच पेठेत राहते.

मला वाटत नाही कॅम्प लबाड होता. टीव्ही नव्हता, फिल्म नव्हती. न्यू हेवनहून सकाळी निघून जिथे पोचता येतं तिथले सामने त्याने पाहिले, आणि तिथले खेळाडू त्याला सर्वोत्तम दिसले. त्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या, संघात पश्चिमेचा, म्हणजे त्या काळच्या भाषेत शिकागोकडचा, पहिला माणूस आला १८९८मध्ये: शिकागो विद्यापीठाचा क्लॅरेन्स हर्शबर्गर. १९०१मध्ये मिशिगनने मोसमात ५५० गुण केले आणि एकही दिला नाही. ५५० विरुद्ध शून्य! त्या वर्षी कॅम्पच्या पहिल्या संघात मिशिगनचे किती? तेही शून्य. हे मी ग्रुपवर टाकलं तेव्हा आतेभावाने सात अंगठे पाठवले.

मग बाकीच्यांनी काय केलं? स्वतःच्या याद्या काढल्या. शिकागोच्या वर्तमानपत्रांतून ऑल-वेस्टर्न, अटलांटा-नॅशव्हिलकडे ऑल-सदर्न. दर थँक्सगिव्हिंगनंतर, म्हणजे मोसम संपला की, संपादक, पंच, कोच, ज्याला वाटेल तो आपले अकरा छापायचा. त्यात हितसंबंध किती गुंतलेले! शिकागोचा वॉल्टर एकरसॉल आधी स्वतः नावाजलेला क्वार्टरबॅक, नंतर 'ट्रिब्यून'मध्ये क्रीडा पत्रकार. शनिवारी तो शिट्टी घेऊन सामन्यात पंच व्हायचा, रविवारी त्यावर लिहायचा आणि वर्षाअखेरीला ऑल-वेस्टर्न निवडायचा. दक्षिणेत जॉन हाइझमन कोचही होता आणि निवडकर्ताही. ज्याच्या नावाचा पुतळा आज दर वर्षी टीव्हीवर वाटतात, तोच हा. १९१६मध्ये याच्या जॉर्जिया टेकने कंबरलँडला २२२-० असं हरवलं होतं. अशा माणसाच्या यादीत स्वतःची पोरं किती असतील, याचा अंदाज करायला कॅल्क्युलेटर लागत नाही.

पण मला आवडते ती सिवानीची गोष्ट. टेनेसीच्या डोंगरावरचं एक चिमुकलं कॉलेज. १८९९च्या नोव्हेंबरात त्यांची पोरं आगगाडीच्या स्लीपर डब्यात बसली आणि सहा दिवसांत पाच सामने खेळली: टेक्सस, टेक्सस ए अँड एम, टुलेन, लुइझियाना, मिसिसिपी. मध्ये एक रविवार सुटीचा. पाचही जिंकले आणि पाचांत मिळून एक गुण दिला नाही. बदली खेळाडूंची चैन तेव्हा नव्हती. जे अकरा चढाई करायचे तेच बचावाला उभे राहायचे. जवळजवळ चार हजार किलोमीटरचा प्रवास, सोबत म्हणे गावच्या झऱ्याच्या पाण्याची पिंपं. हे वाचताना मला आमच्या शाळेची टीम आठवली. पॅसेंजरने अकोल्याला जायची, डब्यात दशम्या, कोणाच्या तरी किटबॅगवर कोणी तरी झोपलेलं.

त्या वर्षी कॅम्पच्या पहिल्या संघात सिवानीचा एकही नाही. आयझॅक सेनेका मात्र आहे, पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलच्या मूलनिवासी मुलांच्या शाळेचा. आता सांगा, हा भेदभाव म्हणायचा की नाही? मूलनिवासी पोराला घेतलं आणि टेनेसीच्या गोऱ्या पोरांना वगळलं. कारण कार्लाइल हार्वर्ड आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाशी त्यांच्याच मैदानांवर जाऊन भिडायचं. सेनेका दिसला. सिवानीचे दिसले नाहीत. १९१०मध्ये व्हँडरबिल्टचा संघ नॅशव्हिलहून इथे न्यू हेवनला आला आणि येलला ०-० असं रोखून परत गेला. त्यांनाच यावं लागलं. येल नॅशव्हिलला गेलं नाही. कॅम्पच्या पहिल्या संघात दक्षिणेतला पहिला खेळाडू लागला तो थेट १९१८मध्ये: जॉर्जिया टेकचा सेंटर, बम डे.

हे सगळं मी रात्री साडेअकराला ग्रुपवर सविस्तर लिहिलं. शेवटी टोमणाही मारला की दादरहून नागपूरचं जामठ्याचं स्टेडियम दिसत नाही. झोपताना फार बरं वाटत होतं.

सकाळी उठून बघतो तर मामेभावाने सगळं वाचलं होतं, वर स्वतःही शोधाशोध केली होती. वकील आहे. दोनच प्रश्न. पहिला: "तुझ्या त्या ऑल-सदर्नमध्ये काळे खेळाडू किती?"

शून्य. असणार कुठून? दक्षिणेत काळ्यांची कॉलेजं वेगळी. त्यांच्यातला पहिला सामना १८९२मध्ये नॉर्थ कॅरोलायनात सॉल्झबरीला झाला, बिडल आणि लिव्हिंगस्टन यांच्यात, आणि ऑल-सदर्नवाल्यांपैकी कोणी ती मैदानं पाहिली नाहीत, कारण पाहायची नव्हती. पूर्वेवर रुसलेली दक्षिण स्वतःच्या अंगणात कितीतरी लोकांना मोजतच नव्हती. उलट ज्याला मी सोयीस्करपणे खलनायक केला त्या कॅम्पच्या यादीत १८९२मध्ये हार्वर्डचा काळा खेळाडू विल्यम हेन्री लुइस आहे. १९१८च्या यादीत बम डे जिथे आहे तिथेच 'एंड'च्या जागेवर पॉल रॉबसन आहे, रटगर्सचा. हो, तोच, पुढे जगभर गायला तो. दोनच वर्षांआधी व्हर्जिनियाहून आलेल्या वॉशिंग्टन अँड ली विद्यापीठाने काळ्याविरुद्ध खेळणार नाही म्हटलं आणि रटगर्सने रॉबसनला बाकावर बसवलं होतं. म्हणजे डे आणि रॉबसन एका संघात आले ते फक्त कागदावर. जॉर्जियात त्या दोघांना एका गवतावर उभं राहता आलं नसतं.

दुसरा प्रश्न: "आणि तुमच्या विदर्भाच्या संघात आजवर गडचिरोलीचे किती?"

मी उत्तर दिलं नाही. माझी मीटिंग होती.

आतेभावाने किल्ला लढवला. एकाच राज्यात तीन रणजी संघ, त्यात मुंबई-महाराष्ट्र पश्चिम विभागात आणि विदर्भ मध्य विभागात, मग निवड समितीत विभागवार जागा होत्या तेव्हा आमच्यासाठी बोलणारा कोण होता, हा त्याचा मुद्दा काही खोटा नाही. मामेभाऊ म्हणाला, अन्याय आमच्यावरही झाला: पद्माकर शिवलकरांच्या ५८९ विकेट्स आणि एकही कसोटी नाही, अमोल मुझुमदारने रणजी पदार्पणात २६० केले आणि इंडियाची कॅप मिळालीच नाही. त्यावर आतेभाऊ: "त्यायच्यावर निदान हळहळता तरी तुम्ही लोक. आमच्यावाल्यांची नावं तरी माहीत आहेत का?" हे वाक्य मला लागलं, कारण मलाही तीनच नावं आठवली.

इथे निदान पद्धत आहे, असं मी कैकदा म्हणतो. मुलगी हायस्कूलला व्हॉलीबॉल खेळते. ऑल-कॉन्फरन्सची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या सर्वोत्तम मुलींची, निवड कोच मतदानाने करतात आणि आमच्याकडे स्वतःच्या मुलींना मत देता येत नाही. हे मी नागपूरला फोनवर इतक्या अभिमानाने सांगितलंय की जणू नियम मीच केला. या वर्षी तिचं नाव आलं नाही. मी जेवताना सुरू झालो की किनाऱ्यावरच्या शाळांचे कोच एकमेकांनाच मतं देतात, आपल्या गावाला कोण विचारतं. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, तू त्यांच्या मुलींच्या किती मॅचेस बघितल्यास?" एकही नाही. बाहेरगावच्या मॅचेसना मी जातच नाही. आय-नाइंटीफाइव्ह हायवेवर पाच वाजता कोण अडकणार?

कॅम्प १९२५मध्ये गेला. कॉलियर्स साप्ताहिकातली त्याची ऑल-अमेरिका मग ग्रँटलंड राइस निवडू लागला. हा टेनेसीत जन्मलेला, व्हँडरबिल्टमध्ये शिकलेला, उमेदीत ऑल-सदर्न निवडणारा. तोवर न्यूयॉर्ककर होऊन गेला होता. त्याला कधी विचारलं असेल का कोणी, तू नेमका कुठला म्हणून?

येल बोल स्टेडियमच्या बाहेर कॅम्पच्या नावाची कमान आहे, १९२८ची. टेलगेटला, म्हणजे मॅचआधीच्या पार्किंगमधल्या खाण्यापिण्याला, कोळसा पेटेपर्यंत मी तिच्यावरची नावं वाचत फिरतो. देशभरच्या कॉलेजांनी आणि शाळांनी वर्गणी काढून ती बांधली आणि ज्यांनी पैसे दिले त्यांची नावं दगडात कोरली. ज्यांचा खेळाडू त्याने आयुष्यात पाहिला नसेल अशी कितीतरी. परवाही तिथेच उभा होतो, हातात हॉटडॉग. ऑफिसातला नवा सहकारी बायकोला घेऊन आला होता. तिने विचारलं, इंडियात कुठले तुम्ही?

तोंडातून गेलं, "निअर बॉम्बे."

बावीस वर्षं मी हेच सांगतो. लोकांना कळतं, संभाषण पुढे सरकतं. आठशे किलोमीटर, इथून निघालं तर पिट्सबर्ग मागे पडेल. ग्रुपवर विदर्भासाठी रात्री साडेअकरापर्यंत लढणारा माणूस हे न अडखळता बोलतो.

"नागपूर जवळ नाहीये बॉम्बेच्या," मुलगी त्या बाईंना म्हणाली. "आम्ही ट्रेनने गेलो होतो. पूर्ण रात्र लागते. मी वरच्या बर्थवर होते."

बाई हसल्या, म्हणाल्या, नागपूर? स्पेलिंग सांगतेस? आणि ती सांगू लागली.