'मशीनमध्ये फुंकू नका, केस होत नाही': हा मेसेज साफ चुकीचा आहे

आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शनिवार आला की दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठी हा मेसेज फिरतो: "नाकाबंदीत मशीनमध्ये फुंकायला नकार द्या. फुंकलं नाही तर पुरावा नाही, पुरावा नाही तर केस नाही. राज्यघटनेचं कलम २०(३) तुमच्या बाजूने आहे. फार तर दोन हजार दंड. दोन तास काढा, सोडावंच लागतं." माझ्या आतेभावाने यावर विश्वास ठेवला, म्हणून लिहितोय.

आधी पुराव्याचं. दारूचा वाजवी संशय असताना चालकाने फुंकायला नकार दिला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम २०३ प्रमाणे पोलीस त्याला वॉरंटशिवाय अटक करू शकतात. ठाण्यात फुंकायची आणखी एक संधी देतात. तिथेही नाही म्हटलं की कलम २०४, म्हणजे रक्ताचा नमुना. मी रात्री दीडला सरकारी दवाखान्यात पोहोचलो, तेव्हा भाऊ बाकावर बाही दुमडून बसला होता. डॉक्टरांनी दंड स्पिरिटने पुसला नाही. स्पिरिट म्हणजे अल्कोहोलच, मग अहवालावर शंका घेता येते. नमुन्याची बाटली त्याच्यासमोरच सील केली.

मेसेजमध्ये खरा कण एवढाच: नुसत्या तोंडाच्या वासावरून माणूस नशेत होता असं ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच सांगितलंय. पण म्हणूनच तर रक्त घेतात. १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं की झालं. आणि रक्तही द्यायचं नाही म्हटलं, तर कलम २०५ आहेच. सबळ कारण नसेल तर तो नकारच सरकारी बाजूच्या पुराव्याला बळ देणारा धरता येतो. दम्यामुळे फुंकता येत नसेल तर ते सांगा, ते कारण आहे. 'ग्रुपवर वाचलं' हे कारण नाही.

कलम २०(३) स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीबद्दल आहे. अंगठ्याचा ठसा किंवा हस्ताक्षराचा नमुना देणं म्हणजे अशी साक्ष नव्हे, असं ११ न्यायाधीशांच्या पीठाने १९६१ मध्ये, काथी कालू ओघड खटल्यात म्हटलंय. श्वास आणि रक्त हेही शरीराचे नमुनेच.

दोन हजार हा २०१९ च्या दुरुस्तीआधीचा आकडा. आता पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर १५,००० किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे चौकात पावती फाडून मिटत नाही, कोर्टातच जावं लागतं. दोष सिद्ध झाला की लायसन्स किमान सहा महिने बाद. भाऊ पिकअपवर द्राक्षं वाहतो. सहा महिने म्हणजे त्याचा अख्खा हंगाम, आणि हे मेसेज पाठवणाऱ्याच्या गावीही नाही. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

राहिले दोन तास. अटकेनंतर तेवढ्या वेळात वैद्यकीय तपासणी झाली नाही तर सोडावं लागतं, हे कलम २०२ मध्ये आहे. पण कोठडीतून, केसमधून नव्हे. भावाची तपासणी तर पाऊण तासातच झाली होती.