काकांचा कोलन-डॅश

गावात एकदा कळलं की हिला इंग्रजी येतं, की मग सुटका नाही. आंब्याच्या पेटीवरचं लेबल, बँकेचा अर्ज, कुणाच्या जावयाला पाठवायचा मेल, सगळं आमच्या पडवीत येऊन पडतं. त्यात गुहागरला आता जिकडे तिकडे होमस्टे, आणि होमस्टे म्हटला की बोर्ड आला आणि बोर्ड इंग्रजीतच पाहिजे (येणारे निम्मे पुण्याचे, पण ते असो). स्पेलिंगचं मला काही वाटत नाही, ते फोन बघून घेतो. माझा जीव खाल्लाय तो कोलनने, म्हणजे त्या एकावर एक दोन ठिपक्यांनी.

आबाकाकांनी बोर्डाचा मजकूर वहीच्या पानावर लिहून आणला. पहिलीच ओळ, ‘अवर स्पेशल डिशेस आर:- उकडीचे मोदक, आंबोळी, कुळथाचं पिठलं’. म्हटलं काका, इथे कोलन नाही चालत. ‘आर’ म्हटल्यावर वाक्य अजून अर्धवट लटकतंय, त्याच्या मध्येच कसे ठिपके देणार? कोलनच्या जागी फुलस्टॉप देऊन बघा, वाक्य उभं राहिलं तर कोलन द्या, नाहीतर नको. ‘वी सर्व्ह थ्री स्पेशल डिशेस’ असं करा, मग खुशाल कोलन द्या आणि यादी वाढा.

काका म्हणाले, “म्हणजे वाक्य पुरं झाल्यावरच कोलन? अगो, पुरं झालं तर मग द्यायचा कशाला!”

आता याला काय उत्तर देणार सांगा.

पुढची ओळ ‘नियरबाय प्लेसेस इन्क्लूड:- व्याडेश्वर, वेळणेश्वर, हेदवीचा दशभुज गणपती’. ‘इन्क्लूड’नंतर पण नाही, ‘सच अ‍ॅज’नंतर पण नाही, असं मी खोडत चालले आणि तेवढ्यात काकांनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं. ‘निअरेस्ट रेल्वे स्टेशन: चिपळूण’. हा तू का नाही खोडलास? म्हटलं ते वाक्यच नाहीये, ते नुसतं लेबल आहे, लेबलला चालतो. काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच त्यांच्या आगरातले नारळ चोरलेत. आणि खरं सांगू का, त्यांचंही काही चुकत नव्हतं, नियमाला पोटनियम आणि पोटनियमाला परत सूट, हे काय बोर्ड रंगवणाऱ्या माणसाने पाठ करायचंय का?

त्यातून त्या डॅशचं तर विचारूच नका. कोलन झाला की पुढे आडवी रेघ ही आमच्याकडे शाळेतूनच हाताला लागलेली असते. पूर्वी इंग्रजच तसं छापायचे, मग त्यांनी सोडून दिलं, आपण आपलं जपून ठेवलंय. मी उगाच शहाणपणा करून सांगायला गेले की मराठीत ही विरामचिन्हं एकोणिसाव्या शतकात मेजर कॅन्डीसाहेबांनी रुळवली, तर काका भडकलेच. “शिंच्यांनीच दिलं, आम्ही दीडशे वर्षं सांभाळलं, आणि आता तू पुसायला निघालीस!”

मग फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला, तीच मोठी घोडचूक म्हणायची काकांची. न्यू जर्सीचा चुलतभाऊ म्हणतो कोलननंतर पूर्ण वाक्य असेल तर कॅपिटल लेटर हवं, पुण्याची आत्या म्हणते ब्रिटिश पद्धतीत स्मॉलच असतं. दोघंही बरोबर, तोच तर वैताग! आरतीची वेळ ७:३० लिहायची की ७.३० यावर पण तेच, अमेरिकेत कोलन, इंग्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी नुसता ठिपका. मधेच कुणीतरी “स्वत: ठरवा काय ते” असं टाकलं, त्यात विसर्गाच्या जागी कोलन. हे तर आपण सगळेच करतो, दिसतं सारखंच, पण फोनला ती दोन वेगळी चिन्हं वाटतात, त्यामुळे विसर्ग देऊन शोधलं तर असलं ‘स्वत:’ सापडेलच असं नाही. हे मी ग्रुपवर लिहिलं, कुणी साधा अंगठा पण दिला नाही.

शेवटी पेंटर आला. तो अक्षरावर पैसे घेतो. कागद बघून म्हणाला, “ताई, हे ठिपके एक अक्षर धरू की दोन?”

मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, “एक धर. आणि पुढे रेघ मार, ती फुकट.”